हरलेल्या घरचं पिठलं

स्कोकी, इलिनॉय
शनिवार, २ नोव्हेंबर २०२४
दिवाळी पाडवा

प्रिय सरला,

सप्रेम नमस्कार लिहावं की नुसतं नमस्कार लिहून मोकळं व्हावं, याचा विचार करता करता माझा चहा गार झाला. तेव्हा सप्रेमच घे. या वयात एकच चहा दोनदा गरम करायचा मला कंटाळा येतो.

पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर मी काही पाठवलं की वाचल्याच्या निळ्या खुणा येतात आणि पुढे शांतता. चार वर्षं हे चाललंय. पत्र मात्र तू न वाचता टाकणार नाहीस. साबणाच्या खोक्यावरचा मजकूरसुद्धा शेवटपर्यंत वाचणारी बाई तू. म्हणून कपाटातून जुना पॅड काढला.

इकडची खुशाली. मनोहरचा गुडघा कुरकुरतो, त्यामुळे त्यानं घरूनच टपालानं मत पाठवलं आणि या देशाची काळजी सोडून दिली. आता त्याचं सगळं लक्ष महाराष्ट्राच्या निवडणुकीत. सकाळी उठला की आधी तिकडचं कोण आज कुठल्या पक्षात आहे ते बघतो, मग दात घासतो. मी म्हणते, आपल्याकडे निदान दोनच पक्ष आहेत, आणि माणसं सहसा जिथल्या तिथे असतात. तो म्हणतो, म्हणूनच इथे मजा नाही.

रीमा बेलव्ह्यूलाच आहे. तिची रुही अठरा वर्षांची झाली, यंदा पहिलं मत देणार. मी फोनवर सहज विचारलं, कुणाला देणार गं? तर म्हणाली, "आजी, इट्स अ सिक्रेट बॅलट." मला हसूच आलं. आपल्या दोन घरांत मत कधी गुप्त होतं? तू पार्किंग लॉटमध्येच ओरडून सांगायचीस.

तुमच्या जॉर्जियात म्हणे टीव्ही लावायची सोय राहिली नाही, दर जाहिरातीत कुणीतरी कुणाला चोर म्हणतंय. इथे आम्हांला कोणी विचारत नाही. इलिनॉय कुणाचं हे सगळ्यांना आधीच ठाऊक, मग आमच्यावर कोण कशाला खर्च करेल? खरं सांगू, मला तुझा हेवा वाटला. जन्मभर तू इथे राहून वाया जाणारं मत दिलंस, आणि म्हातारपणी नेमकी जिथे एकेका मतासाठी दारं वाजवतात तिथे जाऊन बसलीस. तुझी बेल वाजत असेल. दार उघडतेस ना?

आपण दोघी एका गाडीतून मत द्यायला जायचो ते आठवतं का? मी निळ्या डेमोक्रॅटांची, तू लाल रिपब्लिकनांची. श्रीरंग भाऊजी दरवेळी गाडीची किल्ली पुढे करून म्हणायचे, "तुमची दोघींची मतं एकमेकींना खातात. घरीच बसा, पेट्रोल तरी वाचेल." तरी आपण जायचो. लायब्ररीत रांगेत उभ्या राहायचो, तू माझ्या कोटावरचा स्टिकर सरळ करायचीस, मग डेव्हनवरच्या देशी दुकानांत जाऊन चाट खायचो आणि चाट खाताना कडाडून भांडायचो. मी सरकारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आयुष्य काढलं. आजारपणात माणसाचं घर विकलं जाताना मी बघितलंय, त्यामुळे माझं मत कुठे जाणार ते ठरलेलं. तू म्हणायचीस, "एकदा स्वतःचं दुकान चालवून बघ, महिन्याअखेर चार माणसांचे पगार काढून बघ, मग मला टॅक्स शिकव." तुझं मला कधी पटलं नाही. पण तू ते कुठून बोलतेस हे कळायचं. हल्ली टीव्हीवर ओरडणाऱ्यांचं मला तेवढंसुद्धा कळत नाही.

आणि तुमचं ते प्रिंटिंगचं दुकान. लग्नपत्रिका, हॉटेलांची मेनूकार्डं आणि निवडणूक आली की दोन्ही पक्षांची पत्रकं, एकाच मशीनवर. भाऊजी म्हणायचे, शाईला पक्ष नसतो. एकदा दोन्हीकडची पोरं एकाच वेळी गठ्ठे न्यायला आली तर भाऊजींनी त्यांना बाकावर बसवून चिवडा दिला होता.

आता पिठल्याचं लिहिते. लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

सुरुवात तुझी, हे विसरू नकोस. ८८ साली आपण नुकत्या सिटिझन झालो होतो. डेव्हनच्या मागच्या गल्लीत तुम्ही वर, आम्ही खाली. पहिलं मत दिलं आणि माझा माणूस सपाटून आपटला. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही, स्वयंपाक केला नाही, खिडकीशी बसून राहिले. तू खाली आलीस, ओट्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "अगंबाई, सुतकच आहे की या घरात. चूल नाही पेटली." वर गेलीस आणि थोड्या वेळानं पदर डोळ्यांना लावून पिठलं-भाताचं पातेलं घेऊन उतरलीस. ज्या घरातून माणूस गेलं त्या घरी शेजाऱ्यांनी न्यावं, तसं. जिन्यात मोठ्यानं गळा काढलास तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचा तो पोलिश म्हातारा खरंच टोपी काढून उभा राहिला होता. मी हसत हसत दोनदा वाढून घेतलं. मग ९२ला माझी पाळी आली. तेव्हापासून ठरूनच गेलं, पुढे स्कोकीत समोरासमोर घरं घेतली तेव्हाही, जिंकलेल्या घरानं हरलेल्या घरी पिठलं न्यायचं. भरपूर लसणाची फोडणी, वर मिरचीचा ठेचा, कारण तुझं म्हणणं, हरलेल्याच्या डोळ्यांत पाणी आलंच पाहिजे.

२००० साली तर कहरच झाला. मतदान होऊन आठवडे गेले, फ्लोरिडात मोजणी चाललीच आहे, आणि कोण जिंकलं तेच कळेना. दोन्ही घरांत बेसन आणून ठेवलेलं. शेवटी भाऊजी वैतागले. आयुष्यात कधी गॅस न पेटवलेल्या माणसानं स्वतः पिठलं केलं आणि आपल्याला जेवायला बोलावलं. "कोण गेलंय ते ठरेपर्यंत माणसांनी काय उपाशी राहायचं?" म्हणाले. सुपारीएवढ्या गुठळ्या होत्या त्या पिठल्यात. मुलांनी त्या मोजून खाल्ल्या. तसं पिठलं मी पुन्हा कधी खाल्लं नाही.

२००८ला पहिला काळा अध्यक्ष निवडून आला आणि मी पातेलं घेऊन आले तर दारात तूच डोळे पुसत होतीस. "मीही जरा रडले बाई काल ते बघून," म्हणालीस, "पण टॅक्सचं काय करणार ते सांग आधी."

आणि मग २०१६. तू तुझ्या रीतीप्रमाणे आलीस, पदर लावून, गळा काढून. त्या आठवड्यात रीमा इथे होती. ती दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, प्लीज. नॉट धिस इयर. इट्स नॉट फनी." मी मागून येईपर्यंत तू पातेलं घेऊन परत वळली होतीस. मी तुझ्या मागे पायरीपर्यंत आले, तुला हाक मारली. तू म्हणालीस, "असू दे शैला, पोरीचं बरोबर असेल." पण तुझा चेहरा उतरला होता. पुढे आपण भेटत राहिलो, गणपतीत एकत्र मोदक वळले, पण राजकारणाचा विषय निघाला की दोघींना एकदम काहीतरी काम आठवायचं. मला ती भांडणं हवी होती, सरला. भांडण बंद झालं तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती.

२०२०चं आज लिहीत नाही.

मागच्या आठवड्यात डेव्हनवर राधिका भेटली, तिनंच मला ओळखलं. ऑफिसच्या कामाला आली होती म्हणे, आणि तुझ्यासाठी भाजणी आणि मेतकूट घेत होती. छान सून मिळाली आहे तुला, नागपूरची मोकळी पोर. आम्ही बाहेर बाकावर बसून चहा प्यायलो. ती एक गोष्ट बोलली, ती माझ्या घशाखाली अजून उतरलेली नाही. ती लिहायलाच खरं तर पॅड काढला होता, आणि बघ, साबणाच्या खोक्यापासून मोदकांपर्यंत सगळं लिहून झालं.

मनोहर ओवाळायला बोलावतोय. उद्या लिहून पुरं करते आणि टाकते.

---

बुधवार, ६ नोव्हेंबर

सरला,

उद्या म्हटलं आणि टाकलं नाही. मंगळवारी मत देऊन आले, एकटीच. स्टिकर वाकडाच लावला. आणि आज सकाळी उठून बघते तर तू जिंकलीस, तुझ्या जॉर्जियासकट. अभिनंदन. अगदी मनापासून नाही, पण अभिनंदन.

सकाळपासून मी त्याच जुन्या सवयीनं खिडकीशी बसले आहे. मनोहरनं टोस्ट करून दिला. मी निकालाबद्दल काहीच बोलत नाही हे बघून तो घाबरला आहे. त्याला कसं सांगू की मी ज्याच्यासाठी बसले आहे ते टीव्हीवर नाही?

आता लिहिते.

राधिका म्हणाली, "काकू, एक विचारू? राग नका मानू. बाबा गेले तेव्हा तुम्ही ते इलेक्शनचं पिठलं का आणून ठेवलंत?"

मी विचारलं, कुठलं इलेक्शनचं?

"तेच ना. फ्युनरल झालं त्याच दिवशी. बाहेर लोक हॉर्न वाजवत होते, सेलिब्रेट करत होते, आणि आईंनी खिडकीतून बघितलं तर तुम्ही समोर उभ्या राहून हात हलवत होतात. आई म्हणाल्या, शैलानं दोन हजार सोळाचा बदला घेतला. आय मीन, मी तुम्हाला ओळखत नव्हते तेव्हा. पण इतकं कोणी करतं का?"

सरला, माझ्या हातातला चहा सांडला. राधिका बिचारी नॅपकिन आणायला धावली.

तो शनिवार आता मी सांगते. तू आतून बघितलास, मी बाहेरून.

भाऊजी हॉस्पिटलमध्ये असताना आम्हांला येता येत नव्हतं. तुलाही कोविड, तू घरात कोंडलेली, स्वतःच्या नवऱ्याला निरोप द्यायला तुला जाता आलं नाही. आम्ही सगळ्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं. तो झूम मी आणि मनोहरनं हात धरून बघितला. अनीशनं मास्क लावून इंग्रजीत दोन शब्द बोलल्यावर एकदम मराठीत "बाबा" म्हटलं. झूम संपला, पडदा काळा झाला. मी तशीच उठून ओट्याशी गेले. त्या दिवशी आमच्या घरात टीव्ही लागलाच नव्हता. मतमोजणी चालू आहे हेसुद्धा माझ्या ध्यानात नव्हतं. मला एवढंच कळत होतं की सरलाच्या घरी आज चूल पेटणार नाही.

मी पिठलं-भात केला. पातेलं तेच घेतलं, माझ्या मामीनं नाव घालून दिलेलं, कारण घट्ट झाकणाचं तेवढं मोठं दुसरं नव्हतं. या पातेल्यातून तुझ्याकडे आजवर काय गेलंय, हे माझ्या मनातही आलं नाही. गल्ली ओलांडताना गाड्या हॉर्न वाजवत जात होत्या. त्या दिवसांत लोक गाड्यांमधूनच लग्नाच्या वराती काढायचे, मला वाटलं कुणाचं तरी लग्न आहे, आणि मला त्यांचा राग आला. पातेलं तुझ्या पायरीवर ठेवलं, बेल वाजवली, नियमाप्रमाणे मागे फुटपाथवर जाऊन उभी राहिले. पडदा हलला. तू दिसलीस. मला आत येऊन तुला पोटाशी धरायचं होतं आणि येता येत नव्हतं, म्हणून हात वर केला. मी आहे, एवढंच सांगायला. तू पडदा ओढलास. मला वाटलं, तुला रडायचं असेल.

घरी आले तेव्हा मनोहर म्हणाला, "अगं, निकाल लागला, आपण जिंकलो." मी "बरं" म्हटलं आणि अंघोळीला गेले. तेव्हाही मला दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या नाहीत. आता तुझ्या खिडकीतून बघते तेव्हा दिसतात. बाहेर हॉर्न, पायरीवर ते पातेलं, आणि समोर हात वर करून उभी असलेली मी. तुझ्या जागी मी असते तर मीही पडदा ओढला असता.

मी राधिकाला विचारलं, पातेल्याचं झाकण कुणी उघडलं? ती म्हणाली, आईंनी नाही. अनीशनं बाहेरच्या बाहेर ते कचऱ्यात रिकामं केलं.

मग तुला कळणार कसं?

त्यात लसूण नव्हता, सरला. ठेचा नव्हता. हळदसुद्धा नव्हती. आमच्या सासूबाई सांगायच्या, अशा दिवशी फोडणी द्यायची नाही, फोडणीचा वास त्या घरात न्यायचा नाही. नुसतं बेसन, पाणी, मीठ. पांढुरकं, बेचव पिठलं. बत्तीस वर्षांत मी तुला कधी तसं पिठलं दिलं नव्हतं. एक घास खाल्ला असतास तरी तुला कळलं असतं की हे कुणासाठी आलंय.

ते भाऊजींचं होतं.

तू चार वर्षं मनात काय घेऊन बसलीस या विचारानं मला रडू येतं. आणि रागही येतो, तो लपवत नाही. मी टोचून बोलते, चाट खाताना तुझी प्लेट ओढून घेते, तुझ्या पक्षाला काय काय म्हटलंय ते इथे लिहीत नाही. पण भाऊजींच्या अंत्यविधीच्या दिवशी मी तुझ्या दारात नाचेन, असं तुला वाटलं तरी कसं? मग वाटतं, या देशात त्या महिन्यात कुणाला कुणाबद्दल काय वाटत नव्हतं? भाऊ भावाच्या घरी जात नव्हते. आपण त्यातल्या नाही अशी मला उगाच घमेंड होती.

मी तेव्हा फोन केले. अनीश म्हणायचा, "आई कोणाशी बोलत नाहीये, मावशी." मग घराला विक्रीची पाटी लागली, तुम्ही जॉर्जियात अल्फारेटाला गेलात, आणि मला निघताना कळवलंसुद्धा नाहीस. ज्यांनी ते घर घेतलं ती माणसं चांगली आहेत. तुझ्या पुढच्या दारातलं लायलॅकचं झुडूप त्यांनी काढलं, तेवढं सोडून.

राधिकानं आणखी एक सांगितलं. घर आवरताना तू सगळी भांडी वाटून टाकलीस, पण ते पातेलं टॉवेलात गुंडाळून विमानात मांडीवर घेऊन गेलीस. त्यात काही शिजवत नाहीस. वरच्या फळीवर ठेवलंय, आणि तिनं एकदा पोहे भिजवायला काढलं तर हातातून काढून घेतलंस. ती पोर मला विचारत होती, असं का? मी म्हटलं, मला काय माहीत. पण मला माहीत आहे. नको असलेल्या माणसाचं भांडं कुणी मांडीवर घेऊन जात नाही.

तर आता ऐक. रीतीप्रमाणे यंदा पिठलं तुझ्याकडून माझ्याकडे यायला हवं. ते राहू दे. त्याआधीचं एक राहिलंय. मी अजून तुझ्याकडे समाचाराला आलेले नाही. भाऊजींच्या फोटोसमोर उभी राहिलेले नाही, तुझा हात हातात घेतलेला नाही.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या सोमवारी मी येते आहे. राधिकाला सांगितलंय, अनीशलाही सांगितलंय, तुला विचारलेलं नाही. दार उघडायचं नसेल तर उघडू नकोस, मी पायरीवर बसेन. मागच्या वेळी कोविड होता म्हणून लांब उभी राहिले आणि निघून आले. या वेळी मी निघून जाणार नाही, आणि तुमच्या त्या सोसायटीतली माणसं तुला विचारतील की ही म्हातारी कोण, कुठल्या पक्षाची प्रचारक आहे.

ते पातेलं फळीवरून खाली काढून ठेव. बेसन मी घेऊन येते, तुमच्याकडचं तुला कधी पसंत पडत नाही. तुझ्या ओट्याशी उभी राहून मी पिठलं करीन, बिनफोडणीचं. भाऊजींच्या आठवणीसाठी दोन-चार गुठळ्या मुद्दाम राहू देईन. लाल-निळ्यांचं भांडण आपण दुसऱ्या दिवशी काढू, लसणाचं पिठलं करून, कडाडून, पूर्वीसारखं.

पहिल्या दिवशी फक्त झाकण तू उघड.

तुझी,
यंदा हरलेली,
शैला